काल येऊन गेलेली बाई

इथले अनुभव मी ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये वाचते आणि हसते, हे आधीच कबूल करते. भुतंखेतं, भास, असल्या कशावर माझा कधीच विश्वास नव्हता. नागपूरला आमच्या बाबांनी मुद्दाम अमावास्येला नवीन स्कूटर घरी आणली होती, अशा घरात मी वाढले. नवरा, मंदार, तर माझ्याहून पक्का. आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो, दोघंही आयटीत. मुलगी रेवा नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये.

मागच्या जुलैमध्ये मंदारला आठवडाभर ग्लासगोला क्लायंटकडे जायचं होतं. मी म्हटलं, आम्हीही येतो. राहायला स्टर्लिंग निवडलं. ग्लासगोहून ट्रेनने पाऊण तास... जुनं शहर, कड्यावर किल्ला, आसपास तळी आणि बागा. तो कामाला जाणार, आम्ही दोघी रोज एकेक ठिकाण बघणार. ठिकाणांची नावं नीट देत नाहीये, कारण त्या लोकांची काही चूक नव्हती. हे आत्ता म्हणते. तेव्हा मी नुसती धुमसत होते.

सोमवारी संध्याकाळी पोचलो. मंगळवारी सकाळी रेवाला घेऊन किल्ल्यावर गेले. तिकिटाच्या खिडकीतली बाई आधीच्या कुटुंबाशी हसून बोलत होती. मला बघितलं आणि तिचं हसू गेलं.

"पुन्हा आलात?" ती म्हणाली. अर्थात इंग्लिशमध्ये, आणि बऱ्यापैकी मोठ्याने.

"सॉरी?"

"काल सकाळी एवढा तमाशा करून तुमचं समाधान नाही झालं?"

मी म्हटलं, काल सकाळी आम्ही विमानात होतो. तिने मान हलवली, जसं काही मी खोटं बोलणार हे तिला माहीतच होतं. मग मॅनेजर आला, त्याने फोनमधले माझे बोर्डिंग पास बघितले, थंडपणे 'ओके' म्हणाला. आम्हाला आत सोडलं, पण एक सिक्युरिटीवाला दोन तास आमच्या दहा पावलं मागे चालत होता. रेवाने तोफेवर हात ठेवला तरी तो घसा खाकरायचा. मला एकच वाटलं, जे आपल्यातल्या कुणालाही वाटेल — आपला रंग. संध्याकाळी मंदारला तेच सांगितलं. तो म्हणाला, "सोड ना यार. असतो एखादा नग असा."

बुधवारी बसने तासाभरावरच्या तळ्यावर गेलो. तिथे जुनी बोट आहे, लोकांना तळ्यात फिरवून आणते. तिकिटं ऑनलाइन काढलेली. फळीवर पाय ठेवणार तेवढ्यात बोटीवरच्या माणसाने हात आडवा घातला.

"तुम्हाला नाही. काल याच फेरीला सांगितलं होतं, पुन्हा बोटीवर घेणार नाही."

मागे रांग होती. सगळे बघायला लागले. माझं डोकंच फिरलं. "ब्राउन बायका सगळ्या सारख्याच दिसतात का तुम्हाला?" मी ओरडले.

तो शांतपणे म्हणाला, "माझ्या सहकाऱ्याच्या हातावर तुमच्या नखांचे ओरखडे आहेत, मॅडम. तुम्ही प्रत्येक केबिनचं दार ठोठावत होतात. मुलगी हरवलीय म्हणत होतात." मग त्याची नजर खाली रेवाकडे गेली आणि त्याचा आवाज बदलला. "मुलगी अशीच सांगितली होती तुम्ही. दोन वेण्या, चष्मा."

रेवाने माझा हात घट्ट धरला. "आई, व्हॉट इज ही सेइंग?"

बोट आमच्याशिवाय गेली. परतीची बस दोन तासांनी होती. धक्क्यावर पाऊस आला, दोघी चिंब भिजलो. कॅफेत जायची माझी हिंमत झाली नाही. आणि बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. मंगळवारी, जेव्हा ती बाई बोटीवर होती म्हणे, तेव्हा मी किल्ल्यात होते. एक माणूस सतत माझ्यावर पाळत ठेवून होता.

त्या दिवशी मंदारशी मोठं भांडण झालं. "तू कुणाशी काही वाकडं बोलली नाहीस ना? खरं सांग." हे त्याने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी पाण्याचा ग्लास सिंकमध्ये इतक्या जोरात आपटला की फुटला. मी म्हटलं, "उद्या मी परत जाणार फिरायला. कुणाच्या बापाला घाबरत नाही."

गुरुवारी सकाळी गावातल्या दुकानातून मरून रंगाचं एक रेनकोटसारखं जॅकेट घेतलं, टॅग तिथेच काढून अंगावर चढवलं आणि बस पकडली. एका जुन्या हवेलीची बाग होती, भिंतींनी बंदिस्त, आणि शेवटी छोटी टी-रूम. बागेत कुणी हटकलं नाही. ऊन होतं. रेवा फुलपाखरांमागे धावत होती. मला वाटलं, संपलं एकदाचं.

टी-रूमची मालकीण साठीची, गुबगुबीत. आम्ही आत शिरलो तशी ती काउंटरमागून बाहेर आली आणि सरळ आमच्या दोघींच्या मध्ये उभी राहिली. पाठ माझ्याकडे. वाकून रेवाला विचारलं,

"इज शी युअर मम, डार्लिंग?"

मी हसले. खरंच हसले, कारण याला दुसरं काय उत्तर असणार?

रेवाने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाली,

"आय डोन्ट नो."

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मालकिणीने रेवाला काउंटरमागे घेतलं. मी पुढे झाले तर दोन पुरुष टेबलावरून उठून आडवे आले. मी मराठीत ओरडत होते, "रेवा, इकडे ये! रेवा!" आणि ऐकताना माझ्याच लक्षात येत होतं की मी नेमकी तशीच दिसत असणार, तशीच वागत असणार, जशी ती कालची बाई.

पोलीस आले. एक तरुण बाई होती, नीट बोलणारी. पासपोर्ट, बोर्डिंग पास, फोनमधले नऊ वर्षांचे फोटो, सगळं तपासलं. मंदारला फोन केला, तो टॅक्सी करून आला. मग मालकिणीने आदल्या दिवशी काढलेला फोटो दाखवला. ती बाई जात नव्हती म्हणून पोलिसांना द्यायला काढलेला. बुधवार, सकाळचे पावणेबारा. तेव्हा मी बोटीवाल्याशी भांडत होते.

फोटोत मी होते. मिळतीजुळती नाही... मी. हनुवटीवरची लहानपणीची खूण, डावा खांदा किंचित खाली. फक्त कितीतरी दिवस न झोपलेली, गाल आत गेलेले. आणि अंगात मरून जॅकेट. गुरुवारी सकाळी नऊला विकत घेतलेलं.

पोलीस बाईने फोटो बघितला, मला बघितलं, आणि फोन उलटा ठेवला. "तुम्ही मुलीला घेऊन जा," एवढंच म्हणाली. आम्ही बाहेर पडलो. मालकिणीने दार लावून घेतलं, त्याचा आवाज अजून ऐकू येतो.

शुक्रवारचंच विमान मिळालं, परत आलो.

रेवाला मी आठवडाभर काही विचारलं नाही. रागावले होते, हे लिहिताना लाज वाटते, पण होते. शेवटी एका दुपारी गाडीत, ड्राइव्ह करता करता विचारलं, "तू तसं का म्हणालीस गं?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बिकॉज शी वॉज स्टँडिंग बिहाइंड यू. शी लुक्ड जस्ट लाइक यू. बट शी वॉज क्राइंग, अँड यू वेअर लाफिंग."

मी गाडी एका ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये वळवली आणि खूप वेळ इंजिन चालू ठेवून बसून राहिले.

मंदार म्हणतो फोटो एडिट केलेला असणार. पण ते मरून जॅकेट त्याने मला न विचारता डोनेशनच्या डब्यात टाकून दिलं. मी विचारलं तर म्हणाला, "तुला बसत नव्हतं." मला ते व्यवस्थित बसत होतं.

सप्टेंबरमध्ये मी टी-रूमच्या मालकिणीला ईमेल केलं. माफी मागायची नव्हती, जाब विचारायचा होता. इतक्या लोकांसमोर माझ्या मुलीला माझ्यापासून ओढून नेलंत, वगैरे. चांगलं तिखट लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. तिने आधी क्षमा मागितली होती. मग लिहिलं होतं की शनिवारी तुम्ही परत आलात तेव्हाच मला ती मागायची होती, पण धीर झाला नाही. तुम्ही इतक्या शांत होतात. तुमची मुलगी सगळा वेळ तुमच्या मांडीवर बसून होती, दोघींनी मिळून चहाबरोबर एकच स्कोन खाल्ला, आणि निघताना तुम्ही माझे हात हातात घेतलेत.

शनिवारी आम्ही शॉमबर्गला होतो. रेवा शेजारच्या काकूंकडे बर्थडे पार्टीला गेली होती, मी सहा बॅगा रिकाम्या करत होते.

मी त्या ईमेलला उत्तर दिलेलं नाही. काय लिहिणार? कुणी म्हणतं योगायोग, कुणी म्हणतं तुझ्यासारखी दिसणारी कुणीतरी असेल. मग जॅकेटचं काय, दोन वेण्यांचं काय? पण ते वाचून मला भीती वाटली नाही. मी किचनमध्ये उभी राहून रडले, आणि मनात एकच आलं... मिळाली बिचारीला.

रेवा होमवर्क करत होती. तिला सांगितलं, त्या बाईला तिची मुलगी सापडली म्हणे. रेवाने वर बघितलं.

"ओके," ती म्हणाली. "गुड." आणि पुढचं गणित सोडवायला लागली.