वस्ता फरैदूनने काढलेला तुकडा

रानिया गावच्या बाजारात पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या वस्ता, म्हणजे उस्ताद, फरैदूनच्या हाताला तोड नव्हती आणि जिभेला हाड नव्हतं. डोंगरातल्या लढायांत खिळखिळी झालेली तेरा गोळ्यांची बेल्जियन पिस्तुलं लोक त्याच्याकडे आणत. परत जाताना ती न अडकण्याची हमी घेऊन जात. सोबत अपमान फुकट.

हाजी बापीर आपलं पिस्तूल घेऊन आला तेव्हा दुकानात चार-पाच टोळभैरव चहा ढोसत बसले होते. हाजीच्या धाकट्याशी, नौझादशी, वस्ताच्या शिलानचं लग्न जमत आलं होतं. एकुलती एक लेक, आणि असं घर पुन्हा मिळणार नव्हतं, हे वस्ताला पक्कं ठाऊक होतं. तरी जीभ कसली आवरतेय.

"दोन गोळ्या सुटल्या की अडकतं बघ," हाजी म्हणाला. "आणि चाप दगडासारखा जड."

"पिस्तूल नाही अडकत, हाजी. मालकाची अक्कल अडकते."

वस्ताने स्प्रिंगा बदलल्या, गोळी नळीत चढते तो उतार घासून लख्ख केला, मॅगझिनची वाकलेली तोंडं सरळ केली. मग चाप हलका व्हावा म्हणून आतला एक चिमुकला तुकडा काढून टाकला. मॅगझिन बाहेर असेल तर चाप चालू द्यायचा नाही, एवढंच त्या तुकड्याचं काम.

हाजीने तो चिमटीत धरला. "हे काय काढलंस रे?"

"तुझ्या डोक्यातलं भुसकट. तू शेळ्या राख. आणि आता नळीत एक गोळी भरूनच हिंडत जा, बायकांसारखा घाबरू नकोस."

दुकान खदखदून हसलं. हाजीही हसला, पण कान लाल झाले होते. त्याने पुन्हा विचारलं नाही.

शिलानला मागणी घालायला हाजी आपली माणसं घेऊन आला, तेव्हा वस्ताच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. चहा फिरला आणि हाजीने आपला नेहमीचा खेळ मांडला. कुणाच्याही घरी गेला की मॅगझिन काढून यजमानापुढे ठेवायचं, घोडा मागे ओढायचा, नळी स्वतःच्या कानशिलाला लावून चाप दाबायचा. चाप काही हलायचा नाही. "बघा, तुमच्या घरात आमचं हत्यारसुद्धा मेलं!" पोरंटोरं खूश. हा खेळ सगळ्या रानियाला माहीत होता. वस्तालाही.

मॅगझिन गालिच्यावर आलं आणि वस्ताला नळीतली गोळी आठवली. एकच वाक्य बोलायचं होतं: हाजी, तो तुकडा मी काढलाय. पण समोर तेच टोळभैरव बसले होते, आणि शेजारी होणारे सोयरे. त्यांच्यादेखत आपली चूक कबूल करायची? त्याने उगाच हसून म्हटलं, "हाजी, जरा जपून हं."

"का रे? बायकांसारखा घाबरलास?"

या वेळी सगळे वस्ताला हसले. हाजीने चाप दाबला. हमी दिल्याप्रमाणे पिस्तूल पहिल्याच दाबाला चाललं आणि हाजी स्वतःच्या मॅगझिनवर कोसळला.

दोन्ही घराण्यांची जाणती माणसं निवाड्याला बसली. "हाजीने त्या तुकड्याबद्दल विचारलं होतं?" मुल्लाने विचारलं. दुकानात दात काढणाऱ्यांनी आता शपथेवर सगळं सांगितलं, भुसकटासकट. रक्ताच्या बदल्यात मुलगी, असं ठरलं.

शिलान त्याच घरी गेली, त्याच नौझादशी निकाह झाला. फक्त ढोल नव्हता, सोनं नव्हतं, अंगावर काळे कपडे होते. निघताना तिने आईचा हात सोडवला आणि बापाकडे पाहिलं. "एवढंसं सांगायला काय जात होतं, बाबा?"

 

ईदला तो मिठाईचं ताट घेऊन त्या दारी उभा राहिला. हाजीच्या विधवेने दार अर्धंच उघडलं. मागे अंगणात शिलान कपडे धूत होती. आवाज ऐकूनही तिने मान वर केली नाही.

"लेकीला भेटायला आलोय, ताई."

"लेक?" बाईने मागे वळून पाहिलं. "इथं तुझी कुणी लेक नाही. माझ्या नवऱ्याची भरपाई आहे, ती कपडे धुतेय."

आणि तिने दार लावून घेतलं.