थांबलं की थांबणारं घड्याळ

पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी रेहाना आपांनी त्यांचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं, तिथून हे सुरू झालं. अमरावतीच्या मैदानावर आम्ही चौघी पळायचो. पळणाऱ्या बायांजवळ किस्से साचतातच, दोन दिवस नळ आला नाही की धुणं साचतं तसे.

घड्याळ आपांच्या भावानं पाठवलेलं, उपग्रहावरून किलोमीटर मोजणारं. चौघींत एकच, म्हणून पाळ्या लावल्या. एक पळून आली की दुसरी घाम पुसून बांधायची. आठव्या दिवशी घड्याळानं कळवलं, तुम्ही फार थकला आहात, चार दिवस आराम करा.

आपा म्हणाल्या, "आराम कर म्हणणारं आपल्या जिंदगीत हे पह्यलंच निघालं वो!"

*

मला पळणं गमतीचं नव्हतं. नवरा कामाला जायचा ती कापसातली सरकी काढायची जिनिंग दोन हंगाम बंद. शेतात कापूसच नाही तर तिथं काय येणार? मुलींच्या एका वसतिगृहाला पोरींना सकाळी पळवणारी बाई हवी होती. सातवी शिकलेली चालत होती. फक्त अकोल्याची हाफ मॅरेथॉन, एकवीस किलोमीटर, अडीच तासांत केल्याचं सर्टिफिकेट पाहिजे होतं.

*

बारा आठवड्यांचा तक्ता पीटीच्या रिटायर सरांनी करून दिला. सोमवारी पूर्ण आराम. सासूबाईंनी तो वाचून घेतला आणि म्हणाल्या, "सोमवारी नळ येते. सराले म्हणा, आराम मंगळवारी ठेवा."

सरांनी खरंच बदलला.

*

किलोमीटरला सात मिनिटं, असं ठरलेलं. वेग चुकला की घड्याळ थरथरायचं. एकदा मागे कुत्रं लागलं. मी जीव घेऊन पळत होते आणि घड्याळ थरथरून सांगत होतं, वेग कमी करा.

*

माझी परी तीन वर्षांची. मैदानाच्या पायरीवर गोधडी पांघरून बसायची. दर फेरीला मी थांबून तिच्या कपाळाला हात लावायची. ताप तर नाही ना, एवढंच डोक्यात.

"थांबू नको पोरी," सर ओरडायचे.

मी घड्याळ दाखवायची. किलोमीटरला सहा मिनिटं पन्नास सेकंद. मग सरही तेवढंच वहीत लिहून घ्यायचे.

*

अकोल्यात नवरा परीला घेऊन अर्ध्या वाटेवर उभा होता. बस लागून तिला उलट्या झालेल्या. मला पाहताच ती गळ्यात पडली.

"जाय तू, मी पाह्यतो इले," तो म्हणाला.

मी घड्याळ पाहिलं. वेळ हातात होता. ती शांत झाली तेव्हाच निघाले. शेवटच्या वळणावर घड्याळात दोन तास तेवीस मिनिटं. मी हसतच शर्यत संपते त्या गेटातून शिरले. गेटावरच्या मोठ्या घड्याळात दोन तास छत्तीस झाले होते.

वेळ नोंदवायच्या टेबलाशी बसलेल्या बाईंपुढे मी मनगट धरलं. त्यांनी दोन बटणं दाबून पाहिली.

"ताई, तुम्ही थांबल्या की हे पण थांबते. तशी सेटिंग आहे याच्यात."

परतीच्या बसमध्ये परी मांडीवर झोपली. नवऱ्यानं तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले. मग म्हणाला, "किती वेळ घेऊन उभी होती तू इले?"

"घड्याळात नाही आलं ना ते," मी म्हटलं.

तुमच्या ओळखीत कोणी लेकुरवाळी असं घड्याळ लावून पळत असेल, तर तिला ती सेटिंग आधी बंद करायला सांगा. आणि तिच्या ओळखीत आणखी कोणी असेल तर तिलाही.