सर्व्हेकाकांनी ओतलेलं छत

सर्व्हेकाका आमचे शेजारी. गवंडी होते. बेल्जियममधल्या आमच्या लीएज शहराभोवती किल्ल्यांचं कडं बांधलं गेलं तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. आमच्या गावामागच्या टेकडीत जो किल्ला आहे, त्याच्या छताचं काँक्रीट त्यांनी ओतलेलं. पुढे त्यांचा आणि युबेर्तीनकाकूंचा एकुलता एक मुलगा गास्पार त्याच किल्ल्यात तोफखान्यावर लागला. "बापानं बांधलेल्या घरात राहायला गेलाय," असं काका सगळ्यांना सांगत.

एकोणीसशे चौदा सालच्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य सरहद्द ओलांडून आलं. गल्लीतले लोक हातगाड्या भरू लागले. माझे वडीलही गाद्या बांधत होते. काका दारात येऊन उभे राहिले.

"कुठं निघालास रे फिर्मँ?"

"मेहुण्याकडे. पोरीला घेऊन."

"रस्त्यात हाल करशील तिचे. मी तुडवलंय ते छत, या पायांनी. फुटायचं नाही ते. आत माझा मुलगा आहे, आणि मी हललोय का?"

वडिलांनी गाद्या सोडल्या. आम्ही राहिलो.

किल्ला खरंच टिकला. जर्मन चढावर यायचे आणि पडायचे. त्याचा राग त्यांनी गावावर काढला. खिडकीतून गोळी आली असं म्हणत अकरा पुरुषांना सफरचंदाच्या बागेत नेलं आणि गोळ्या घातल्या. त्यांत माझे वडील होते. काका तळघरात असल्यानं वाचले.

मग कुणी कधी पाहिल्या नव्हत्या एवढ्या तोफा आल्या. दोन दिवसांत किल्ला फुटला. मुडदे उपसायला जर्मनांनी उरलेले पुरुष धरून नेले, त्यांत काकाही.

तीन दिवसांनी ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

"थर सुटलेत, मेलानी," ते आईला म्हणाले. "कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. तिथं दिवे नव्हते. अंधार पडला की काम बंद, आणि सकाळी सुकलेल्यावर नवा माल. मुकादमाला मी म्हटलं होतं, हे एकजीव होणार नाही. तो म्हणाला, तू ओत."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"विसरलो होतो. इतकी वर्षं बढाया मारल्या, त्यात खरंच विसरलो."

मग आई म्हणाली, "युबेर्तीनला सांगितलंत?"

"सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सोलतच राहिली."

गास्पार सापडला नाही. काका पुढे सात वर्षं जगले. कुणी त्यांना काम दिलं नाही, त्यांनीही मागितलं नाही. आई अधूनमधून सूप पाठवी. ते भांडं मी त्यांच्या पायरीवर ठेवून दार न वाजवता परत येई. ते वारले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आई अंत्ययात्रेला गेली. मी गेले नाही.