लग्नाची फुलं आणि रविवारची भाजी

फिलोमिना आंटीनं आम्हाला घर दिलं, हे आधी सांगून टाकते. पुढचं वाचल्यावर माझ्यासारख्या बाईला घर देणारी माणसंच वेडी असली पाहिजेत असं तुम्हाला वाटेल, म्हणून आंटीचा चांगुलपणा सुरुवातीलाच लिहून ठेवलेला बरा.

आम्ही वाशीमकडचे. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि मी थेट गोराईत येऊन पडले. मिस्टर खाडीपलीकडे बोरिवलीत लिफ्ट दुरुस्त करतात. जागा शोधताना कुणी आधी आडनाव विचारायचं, आणि ते ऐकलं की जागा कालच गेलेली असायची. आंटीनं एवढंच विचारलं, की शेजारी मासे तळले तर चालतील ना? चालतील म्हटलं. (तोवर समुद्राचा मासा मी चित्रातच पाहिलेला.) मागची खोली आमची झाली. पहिल्या पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा पेज तिनंच भरवली. तेव्हापासून आंटीनं काहीही काम सांगितलं की मला एकच धास्ती असते. चुकलं तर?

आणि तिनं काम सांगितलं ते फुलांचं.

आंटीच्या अंगणात कॅला लिली होत्या. पांढरंशुभ्र फूल, एकच पाकळी शेंगदाण्याच्या पुडीसारखी गुंडाळलेली, मध्ये पिवळी दांडी. कंद आंटीच्या आईच्या हातचे. या घरातल्या प्रत्येक नवरीनं चर्चमध्ये जाताना याच फुलांचा गुच्छ हातात धरला, आंटीनंसुद्धा. यंदा चर्चचे उपासाचे दिवस लागायच्या आत तिच्या शेरनचं लग्न होतं, आणि बाजारातली फुलं हातात धरणार नाही असं शेरननं बजावलं होतं.

दिवाळी झाली आणि वसईला आंटीची बहीण पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. आंटी निघाली. शेरन नोकरीमुळे बाहेरगावी, ती लग्नाच्या आठवड्यातच येणार होती. निघताना कंदांची टोपली माझ्या मांडीवर ठेवली. अर्धे कुंड्यांत लाव, अर्धे फाटकाजवळच्या वाफ्यात. चार बोटं खोल. पाणी दे, पण कुंडीत तुंबू देऊ नको. पानं अळूसारखी येतील, घाबरू नको. आणि तोंडात काही घालू नको, जाम खाजरं असतं.

"शेरनचं लग्न तुझ्या हातात हाय, बाय," ती म्हणाली.

असं वाक्य कुणी माझ्यासारखीला बोलतं का? टोपली गॅलरीत ठेवून मी तिची बॅग बसस्टॉपपर्यंत नेली, वाटभर 'चार बोटं खोल, चार बोटं खोल' घोकत.

परत आले तर घरात आत्याबाई. म्हणजे सासूबाई, गावाहून महिनाभर राहायला आलेल्या. येताना शेतातल्या अळकुड्या आणलेल्या, पिशवीभर. अळकुड्या म्हणजे अळूचेच कंद. आमच्याकडे चिंच घालून त्यांचा झणझणीत रस्सा करतात. आत्याबाई टापटिपीच्या. गॅलरीत एका टोपलीत थोड्या अळकुड्या आधीच पडलेल्या पाहून त्यांनी आपल्याही त्यातच ओतल्या, पिशवी धुऊन वाळत घातली आणि आंघोळीला गेल्या.

मी टोपलीत पाहिलं, ढीग वरखाली करून पाहिला. सगळे तपकिरी, सगळे मातीनं माखलेले! आंटीला फोन करावा, तर ती अजून बसमध्येच असेल. पहिल्या तासातच वाट लागली हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

मग मी डोकं चालवलं. (शेतकऱ्याची पोर आहे मी, हे इथं मुद्दाम लक्षात ठेवा.) ढिगात काही कंद गोल, गरगरीत, ताजे होते. काही चपटे, सुरकुतलेले, कोंब फुटलेले. आता, जिनं आपल्याला डोक्यावर छप्पर दिलं तिच्या मुलीच्या लग्नाला काय सुरकुतलेले लावायचे? चांगलं ते आंटीला, उरलंसुरलं आपल्याला, असा न्याय मी केला. गरगरीत सगळे निवडले. तेलाच्या डब्यांना भोकं पाडली, अर्धे त्यांत लावले, अर्धे वाफ्यात. लावून झाल्यावर हात जोडले. सुरकुतलेले स्वयंपाकघरात नेऊन ठेवले.

रविवारी आत्याबाईंनी त्यांचा रस्सा केला. चिरताना कोंबाकडचा भाग जाडजाड कापून विहिरीमागे सांडपाण्याच्या चरात फेकला. तिकडचं कडू लागते म्हणाल्या. भाकरी गरम, रस्सा लाल. पहिला घास गेला आणि जिभेवर कुणीतरी टाचण्यांची डबी उलटी केली.

"चिंच कमी पडली वाट्टे," आत्याबाई म्हणाल्या आणि पातेल्यात आणखी कोळ ओतला.

मिस्टर आईचे लाडके. आईनं एवढ्या लांबून आणल्यात म्हणून त्यांनी मुकाट्यानं दुसरी वाटी घेतली. सून म्हणून माझंही नाव राहावं, म्हणून मीही घेतली. थोड्याच वेळात तिघांचे ओठ वड्यासारखे फुगले. दही खाल्लं, गूळ चोखला, बर्फ धरला. तेवढ्यात मिस्टरांचा फोन वाजला. बोरिवलीत एका बिल्डिंगमध्ये एक बाई लिफ्टमध्ये अडकली होती आणि आतूनच बोलत होती. घाबरू नका, पाच मिनिटांत माणूस पाठवतो, असं मिस्टर तिला सांगत होते, पण जीभ हलेना, त्यामुळे तिकडे नुसतं "आँऽऽ... आँऽऽ..." गेलं असणार. बाईनं किंकाळी फोडली ती मला चुलीपाशी ऐकू आली.

डॉक्टर खाडीपलीकडे. रविवार असल्यामुळे बोटीवर फिरायला आलेली माणसं, आणि त्यांच्यासमोर आम्ही तिघं ओळीनं बसलेलो, वारा लागावा म्हणून जिभा बाहेर काढून. समोरच्या बाकावरच्या मावशींनी आपल्या नातीचे डोळे पदरानं झाकले. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं. अळकुड्या, असं मी कागदावर लिहून दिलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, तासभर बसवून घेतलं, आणि पुढच्या वेळी नीट शिजवा म्हणाले. हा मात्र आत्याबाईंच्या चुलीचा अपमान होता! परतीच्या बोटीवर त्या माझ्याशी भांडल्या. बोलता येत नव्हतं म्हणून हातवारे करून. मीही हातवाऱ्यांनीच उत्तर दिलं. लोकांनी आम्हाला बसायला जागा दिली.

इकडे डब्यांतून आणि वाफ्यातून कोंब वर आले. मग पानं, काय सांगू, सुपाएवढी! आंटीचा फोन बटणांचा, फोटो जायची सोय नाही. ती विचारायची पानं आली का, मी सांगायची आली, हाताएवढी, आता दोन हातांएवढी. एवढी मोठी, असं ती दोनदा विचारायची आणि मग म्हणायची, तुझ्या हाताला गुण आहे. मी फोन ठेवून डोळे पुसायची.

आत्याबाई लग्न बघूनच जाईन म्हणून थांबलेल्या. एक दिवस विळी घेऊन वाफ्याशी उभ्या. हे त अळूच दिसते, मस्त वड्या होतील, म्हणाल्या. मी मध्ये आडवी आले.

"आत्या, हात लावू नका! विषारी आहे ते, तोंड सुजतं!"

त्या घाबरून चार पावलं मागं सरकल्या. आपण सासूचा जीव वाचवला म्हणून मी दोन दिवस ऐटीत होते.

लग्नाला आठवडा राहिला तेव्हा आंटी परतली. फाटकातून आत आली, वाफ्यापाशी थांबली. वाकली. एका पानाचा देठ मोडून हुंगला. मी मागे उभी, शाबासकीची वाट बघत.

"गो बाय," आंटी म्हणाली, "हे अळू हाय."

मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होता ना, पानं तशीच येतात.

"तशी येतात. हे तसं नाय. हे अळूच हाय. माझे कंद कुठे हायत?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग दोघींचे हात एकदमच आपापल्या तोंडावर गेले.

"रस्सा केला," मी म्हणाले.

आंटी पायरीवर बसली. चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती चिडली नाही. मग उठली, माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, आत पाहिलं. आत्याबाईंचंही पाहिलं. तुम्ही जिवंत कशा राहिलात, एवढंच तीनदा विचारलं. आदल्या रात्रीच आलेली शेरन घरातून बाहेर आली. काय झालं ते तिला कळलं तेव्हा ती आपल्या आईला म्हणाली, "मम्मी, भाडेकरूनं माझा बुके खाल्ला?"

मी आत गेले आणि सामान बांधायला घेतलं. तीन पिढ्यांचं लेणं मी चिंच घालून संपवलं होतं. आता कुठल्या तोंडानं राहायचं? (आणि ते तोंडही त्याच लेण्यानं सुजवलेलं!) आंटी दारात आली. बोचक्याची गाठ सोडली आणि विचारलं, "तू चाललीस, तर एवढ्या अळूच्या वड्या कोण करणार? लग्नात माणसं किती येणार, ठाव हाय?"

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्यात उंबराचं पाणी असतं. वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरीसाठी पाणी आणायचं. बँड पुढे, बायका मागे, मी सगळ्यांच्या मागे मान खाली घालून. विहिरीपाशी दाटी झाली तसा ट्रम्पेटवाला बाजूला सरकला आणि मागच्या चरात त्याचा पाय घोट्यापर्यंत रुतला. चप्पल शोधायला तो वाकला, आणि वाजवायचं थांबून नुसता बघत राहिला.

चिखलात, भांड्यांच्या राखेत, कांद्याच्या सालींत तीन पांढरी फुलं ताठ उभी होती.

आत्याबाईंनी कापून फेकलेले कोंब! त्यांना कुणी लावलं नव्हतं, मापून पाणी दिलं नव्हतं, हात जोडले नव्हते. म्हणजे माझा हात लागला नाही, तेवढीच वाचली. आंटी तिथंच रडली. ढोलवाल्याला वाटलं हा पण रिवाजच असेल, त्यानं जोरात ठेका धरला.

शेरन चर्चमध्ये गेली ती तीन लिली हातात घेऊन, भोवती हिरवीगार पानं. पानं माझ्या वाफ्यातली. फोटो काढणाऱ्यानं ही कुठली विलायती पानं म्हणून विचारलं, तेव्हा मी खांबाआड गेले. वड्या तर पहिल्या पंगतीतच संपल्या. आत्याबाई आता गावात सांगतात, की मुंबईला आमच्या सुनेची फुलशेती आहे.

त्या तीन झाडांचे कंद या वर्षी आंटीनं पुन्हा माझ्याच मांडीवर ठेवले. प्रत्येकाला मी लाल दोरा बांधलाय आणि टोपली कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवलीय. एक ना एक दिवस विहिरीपासून फाटकापर्यंत तिच्या अंगणात पांढरी फुलं उभी करीन आणि तिचे उपकार फेडीन. तसं मी आंटीला सांगितलंसुद्धा.

"फेड गो बाय, सावकाश फेड," ती म्हणाली. "फक्त मध्येच भूक लागली, तर आधी माझ्याकडे जेवायला ये."