मधली वीतभर जागा

देव आहे की नाही, याचा विचार करायला मला आयुष्यात कधी सवड मिळाली नाही. भूकंपानंतर आम्ही गाव सोडून लातूरला आलो, तेव्हा इथं क्लासेसचं एवढं प्रस्थ नव्हतं. पुढं गल्लोगल्ली क्लासेस निघाले, दहावी-बारावीची पोरं लोंढ्यानं येऊ लागली आणि मी त्यांच्यासाठी मेस काढली. सकाळी पोळ्या, दुपारी भाजी निवडणं, संध्याकाळी परत पोळ्या. आम्ही लिंगायत. माझे मालक रोज आंघोळ करून इष्टलिंग डाव्या तळहातावर घेत, शांतपणे पूजा करत आणि मगच चहाला हात लावत. माझी पूजा कुकरच्या शिट्ट्या मोजत व्हायची. भक्ती यांची आणि कणीक माझी, अशी आमच्या घरात वाटणीच झालेली होती.

यांच्या गळ्यातलं लिंग चांदीच्या छोट्या डबीत असतं. भूकंपाच्या पहाटे घर कोसळलं तेव्हा हे दगडमातीखाली गाडले गेले होते. वर लोक हाका मारत होते आणि यांना ओ देता येत नव्हती. हाताला एवढी डबीच लागली, ती मुठीत धरून पडून राहिलो, असं हे सांगतात. लोकांनी बाहेर ओढून काढलं तेव्हाही मूठ सुटली नव्हती म्हणे. तेव्हापासून यांनी ती डबी अंगावेगळी केलेली नाही. एक्स-रे काढायच्या वेळीसुद्धा तिथल्या माणसाशी वाद घालून ती तोंडात धरली होती. मी त्यावरून यांची पुष्कळ थट्टा केली आहे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत क्लासेस बंद पडले, पोरं आपापल्या गावी गेली, मेसची मोठी पातेली पालथी झाली आणि त्याच आठवड्यात यांना ताप आला. मग खोकला. मग दोन वाक्यं बोलली तरी धाप. लातुरात कुठं बेड मिळेना. नांदेडलाही फोन करून पाहिले, तिथंही तेच. आमचे डॉक्टर भला माणूस, रोज फोनवर सांगायचे. औषधं लिहून दिली, खिडक्या उघड्या ठेवा म्हणाले, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आणायला लावलं. आणि मुख्य म्हणजे, जास्तीत जास्त वेळ पालथं झोपवा, त्यानं छातीला हवा मिळते, असं बजावलं.

मी यांना पालथं करायची आणि पेज आणायला स्वयंपाकघरात जायची. परत येऊन बघते तर हे उताणे. परत पालथं करायची, परत उताणे. यंत्रातला आकडा खाली खाली चाललेला. त्या दिवशी दुपारी तो नव्वदीच्या खाली गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत वर आला नाही तर मिळेल त्या गाडीत घाला आणि मिळेल तिथं न्या. मी फोन ठेवला आणि यांच्यावर ओरडलेच.

"पालथं झोपायला काय होतंय तुम्हाला?"

हे बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. मग म्हणाले, "लिंग दबतंय गं खाली. देवाला अंगाखाली घेऊन कसं झोपू?"

काढून ठेवा म्हटलं, तर नुसती मान हलवली. पाठीकडं सरकवा म्हटलं, तर म्हणाले, "देवाला पाठीवर टाकू व्हय?" पेजही नको म्हणाले. उठून बसता येत नव्हतं म्हणून पूजा राहिली होती, आणि पूजेवाचून घास उतरत नव्हता. मला रडू आलं आणि रागही आला. मी देवघरासमोर जाऊन उभी राहिले. हात जोडायचंही भान नव्हतं. महादेवाला म्हटलं, एक तर यांचा हट्ट सोडव, नाही तर कुठं तरी एक बेड दे. दोन्ही होत नसेल तर तुझं माझं संपलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. मास्कवर पदर घेऊन मी ओसरीत आले. बाहेर पांढऱ्या दाढीचे एक चाचा उभे होते आणि टेम्पोत चौकोनी गाद्यांची चळत. आमच्या शेजारी पोरांची अभ्यासिका आहे, तिथं खाली बसून वाचायला त्या शिवून घेतल्या होत्या. अभ्यासिकेला कुलूप आणि मालकाचा फोन बंद.

"भाभी, जळकोटहून आलो. टेम्पोवाल्याला दुसरीकडं जायचंय. ह्या गाद्या तुमच्या ओसरीत ठिवू द्या, मालक आला की घिऊन जाईल."

मी देवाला बेड मागितला होता आणि दारात गादीवाला उभा! एरवी मला हसू फुटलं असतं. घरात आजार आहे, लांब थांबा, असं मी तुटकपणे म्हटलं. चाचा दोन पावलं मागं सरले. कोण आजारी, म्हणून विचारलं. का कुणास ठाऊक, गेल्या कित्येक दिवसांत एवढं साधं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून असेल, मी सगळं सांगून टाकलं. चाचांनी ऐकून घेतलं. उपाय काही सांगितला नाही. म्हणाले, "त्यांना अंथरूण बदलून द्या भाभी. कोरी रुई हाय. बीमार माणसाला कोऱ्या गादीवर बरं वाटतंय. अभ्यासिकेला मी दुसऱ्या शिवून दीन. अल्ला खैर करील." गाद्या ओसरीत रचल्या आणि टेम्पोत बसून गेले.

घरातल्या गाद्या घामानं भिजून पत्र्यावर वाळत पडल्या होत्या. मी चाचांच्या तीन गाद्या उचलल्या आणि खिडकीखाली फरशीवर एकापुढं एक टाकल्या. हे चांगले उंच आहेत. पाय फरशीवर येऊ नयेत म्हणून पायाकडच्या दोन गाद्या थोड्या खाली ओढल्या. वर स्वच्छ धोतर अंथरलं, यांना धरून आणलं आणि आता माझ्यासाठी तरी, असं म्हणून पालथं केलं.

यांनी डोळे मिटले. मग एकदम उघडले. पहिल्या गादीच्या आणि दुसऱ्या गादीच्या मध्ये वीतभर जागा राहिली होती आणि ती नेमकी छातीखाली आली होती. डबी कुठंही दबली नव्हती. त्या जागेत अलगद लोंबत होती, धोतराच्या झोळीत. यांनी हळूच डावा हात छातीखाली सरकवला आणि तळवा उघडला. डबी तळव्यावर टेकली. रोज पूजेला बसल्यावर लिंग टेकतं, तशीच.

"अगं," हे म्हणाले, "माझी पूजा चालू झाली की."

आणि मग पुढं, धापेतल्या धापेत, "जलमभर साष्टांग घालायचा कंटाळा केला. आता समदी कसर भरून काढायलोय बघ."

मी तिथंच फरशीवर बसून हसत सुटले. हसता हसता रडले. पेजेची वाटी आणली, तर मान वळवून दोन चमचे पेज घेतली, आणखी मागितली. संध्याकाळी आकडा नव्वदीच्या वर सरकला. दुसऱ्या दिवशी अजून थोडा. हे दिवसभर तसेच पालथे, तळव्यावर देव. डॉक्टर म्हणाले, पालथं झोपल्यानं फरक पडला. खरंच आहे ते, मी कुठं नाही म्हणते?

हे बरे झाल्यावर पहिली पोळी चाचांसाठी करायची, असं मी ठरवून टाकलं होतं. अभ्यासिकेच्या मालकाकडून पत्ता घेऊन निरोप धाडला. चाचा आले, यांच्याशेजारी बसून जेवले. गाद्यांमधली जागा मी त्यांना हातानं मोजून दाखवली तेव्हा चाचा पोटभर हसले. म्हणाले, "भाभी, मी तर गाद्या दिल्या. मधली जागा मी कुठं शिवली?"

तो शब्द माझ्या मनात घर करून राहिला. मी देवाला दोनच वाटा दिल्या होत्या, हट्ट सोडव किंवा बेड दे. त्यानं यांचा हट्टही राखला आणि बेडही दिला नाही. मला सुचलीच नव्हती एवढीशी जागा त्यानं मध्ये ठेवली.

मेस परत सुरू झाली आहे, पोरंही परत आली आहेत. पण आता मी कुकर लावायच्या आधी यांच्या शेजारी पूजेला बसते. पूर्वी बसण्याआधीच काय मागायचं ते माझं ठरलेलं असायचं. आता डावा तळवा नुसता उघडा ठेवते.