दोनशे टाके

दम्याचा पंप शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली लपवलेला असायचा. बाई शिवताना टाके आणि जिना चढताना पायऱ्याही मोजायची म्हणून नवरा तिला लाडाने टाकेबाई म्हणायचा, पण या पंपाचा पत्ता त्या लाडक्या नवऱ्यालाही नव्हता. त्याच्या समजुतीप्रमाणे परदेशात यायच्या आधीच तिचा पंप सुटला होता. सासूबाई दर रविवारी फोनवर विचारायच्या, "सुटला ना गं पंप?" आणि ही तोंड भरून सांगायची, "कधीच सुटला, आई."

सासूबाई काही दुष्ट नव्हत्या. सासऱ्यांना दमा होता. त्यांनी निळा पंप हातात धरला आणि तीन वर्षांत गेले. तेव्हापासून पंपाची सवय लागली की माणूस संपला, हे त्या घरात दगडावरची रेघ होऊन बसलं होतं.

टाकेबाई आली ती ब्लाऊजपीसमध्ये चार पंप गुंडाळून. कपडे दुरुस्त करून देणाऱ्या एका दुकानात तिला काम मिळालं. मागच्या खोलीत दोन मशिनं, वाफेची इस्त्री आणि कधीच न उघडणारी खिडकी. नोकरीच्या फॉर्मवर 'काही आजार?' असा रकाना होता. तिथे तिने 'नाही' लिहिलं आणि अक्षरही छान काढलं.

तीन पंप संपले. चौथा काढला तशी तिने स्वतःला शिस्त लावून घेतली. अस्तराची पांढरी पट्टी घ्यायची, प्रत्येक फवाऱ्याला एक लाल टाका घालायचा, एका दिवसाची एक ओळ. सवय लागू नये म्हणून हा पहारा. पहिल्या ओळींत दोन-दोन टाके होते. मग चार झाले, मग सात. ओळी लांबायला लागल्या, पण टाका ती चुकवत नसे. साऱ्या जगाला फसवणारी बाई त्या बोटभर पट्टीशी मात्र इमानदार होती.

एकदा धीर करून ती औषधाच्या दुकानात गेली. दुकानदाराने रिकामा पंप उलटसुलट पाहिला.

"या नावाचा इथे मिळत नाही. औषध असतं, पण डॉक्टरांची चिठ्ठी लागेल."

"आमच्याकडे तर चिठ्ठीशिवायच द्यायचे."

"डॉक्टरांना भेटा बाई. तुमचा श्वास मला इथपर्यंत ऐकू येतोय."

डॉक्टर म्हणजे कागद, कागदावर दमा, आणि तो कागद नवऱ्याच्या हातात. ती मान हलवून बाहेर पडली. डब्यातला पंप दाबला की अजून वाजत होता, तोवर काळजी नव्हती. असं ती स्वतःला सांगायची.

मंगळवारी दुपारी लोकरीच्या कोटांचा ढीग आला. तिसऱ्या कोटावर इस्त्री फिरवताना छाती आवळली. ती स्टुलावर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले. श्वास आत जाईना, गेलेला बाहेर येईना. दुकानाची मालकीण चष्मा सावरत धावत आली.

"काय होतंय? औषध आहे का काही?"

टाकेबाईला बोलता येईना. मालकिणीने तिची पर्स उलटी केली. किल्ल्या पडल्या, रुमाल पडला. ड्रॉवर उघडला, कोटाचे खिसे पाहिले. लपवणारीने इतकं चोख लपवलं होतं की सापडणार कसं? औषध हातभर अंतरावर असताना आपण मरणार, हे तिला लख्ख कळलं, आणि अशी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शेवटी तिने मशिनखाली ठेवलेला आपला शिवणाचा डबा लाथाडला. बटणं खोलीभर उधळली, लाल टाक्यांची पट्टी पायाशी पडली ती तिने मुठीत धरली. मालकिणीने पंप उचलून तिच्या तोंडाशी धरला. फुस्स. पुन्हा फुस्स. पुन्हा.

काहीच झालं नाही. आवाज नेहमीचाच होता आणि छाती तशीच बंद.

दवाखान्यात नाकातोंडावर मास्क लावल्यावर तासाभराने तिला खोली दिसायला लागली. पट्टी तिच्या मुठीतच होती. डॉक्टरीणबाईंनी ती सोडवून घेतली, काय आहे ते विचारलं आणि खाली बसून एकेक टाका मोजला.

"दोनशे सत्याहत्तर. या पंपात औषध असतं दोनशे फवाऱ्यांचं. डबीवर लिहिलेलं असतं."

डबीवरची अक्षरं तिच्या अंगठ्यानेच पुसून गेली होती. "पण तो वाजत होता," ती म्हणाली.

"औषध संपलं तरी गॅस उरतो. तो वाजतो. अकरा दिवस तुम्ही नुसता आवाज ओढताय."

अकरा दिवस. ती मोटारींच्या रस्त्यावरून चालली होती, जिने चढली होती, नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी असताना दार लावून एकटी झोपली होती.

मग डॉक्टरीणबाईंनी नवा निळा पंप आणि सोबत एक तपकिरी पंप दिला. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, घेतल्यावर चूळ भरायची. आतली सूज यानेच उतरते. निळा फक्त अडल्यावेळी. निळ्याचे टाके वाढले म्हणजे सवय लागली असं नाही, सूज वाढली.

"आणि हा सुटेल कधी?"

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या चष्म्याला बोट लावलं. "हा सुटला तर सांगते."

नवरा ट्रकच्या फेरीवरून परतला तेव्हा दोन्ही पंप टेबलावर उघडे ठेवलेले होते. तो रागावला नाही, खुर्चीत बसून दोन्ही पंपांवरची अक्षरं वाचू लागला. ते रागावण्याहून जड गेलं.

रविवारी फोन आला. तो शेजारीच होता.

"सुटला ना गं पंप?"

टाकेबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "नाही, आई. सोडणारही नाही." मग तिने सगळं सांगितलं. पट्टी, बटणं, दोन रंगांचे दोन पंप, रिकामी डबी आणि तिचा तो आवाज.



"यांच्याकडे निळाच होता," सासूबाई म्हणाल्या. "शेवटच्या दिवशीसुद्धा वाजत होता गं. मीच धरला होता तोंडाशी. तो पण रिकामाच असेल का?"