अक्कांचा दवाखाना आणि सुभेदारांची साडी

आमच्या थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात आणि भितात. मीही भिते. तरी त्या दिवशी मी त्यांना कडेगावच्या दवाखान्यात नेलं ते चक्क खोटं बोलून. "पिशवीच्या तोंडाची माझी तपासणी हाय, निस्ती सोबत चला," म्हटलं आणि तिथं दोघींचीही नावं लिहिली. अक्का माझ्यावर डाफरल्या, मग "आलोच हाय तर" म्हणत आत गेल्या.

माझं सगळं ठीक निघालं. अक्कांच्या गर्भपिशवीच्या तोंडाला व्हिनेगरचा बोळा लावला तर पांढरा डाग उमटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा कॅन्सर नाही. पण असाच ठेवला तर पुढं होऊ शकतो. आजच यंत्रानं शेक देऊन जाळून टाकते, पाच मिनिटांचं काम. फक्त तुमच्या आधी दोघी आहेत."

चार वाजले होते. "म्हशीच्या धारंचा टाइम झाला. उद्या येते," म्हणत अक्का चपला शोधू लागल्या.

अक्कांचं 'उद्या' मला चांगलं ठाऊक. दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी डोळ्यांसाठी आठ दिवसांनी बोलावलं होतं; ते आठ दिवस अजून चालूच आहेत. त्यात आमची म्हैस भारी खट, अक्कांशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. अशा म्हशीला फसवायची आमच्याकडे एकच रीत: धार काढणाऱ्या बाईची, तिच्या वासाची साडी दुसऱ्यानं नेसायची. पण घरी होते फक्त दादा, म्हणजे अक्कांचे मालक. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, मिशीला रोज तेल लावणारे.

मी फोन लावला. लग्नाला पंधरा वर्षं झाली, थोरल्या दिरांशी मी कधी मान वर करून बोलले नव्हते.

"दादा, अक्कांची साडी नेसा आन् धार काढा."

"आगं, शुद्धीवर हायस का? सुभेदार हाय मी!"

"आवं, हितं डाग निघालाय. आज जाळला न्हाई तर अक्का परत येनार न्हाईत, तुमाला म्हाईत हाय. म्हशीपायी बायकू घालवताय व्हय?"

पलीकडून म्हशीचं ओरडणं ऐकू आलं. मग दादा खाकरले. "कंची साडी?"

अक्कांनी फोन हिसकावला. "हिरवी. दांडीवरची. धुतल्याली नगं!" आणि चपला काढून परत बाकावर बसल्या.

आत शेक घेताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. "महिना-दीड महिना मालकांपासून लांब राहा," बाईंनी बजावलं.

"दीड म्हैना? कायमचंच लिवून द्या की," अक्का म्हणाल्या. नर्स हसून बेजार.

घरी पोचलो तर गोठ्यापुढं अर्धी आळी जमलेली. मधोमध हिरव्या साडीत सुभेदार, डोक्यावर पदर, मिशा तशाच. बादलीत जेमतेम दोन लिटर दूध आणि गुडघ्यावर लाथेचा ठसा. बायका मोबाइलवर फोटो काढत होत्या. दादांचं तिकडं लक्षच नव्हतं. साडीचा घोळ सावरत ते गर्दीतून आले आणि अक्कांच्या पुढ्यात उभे राहिले.

"दुखलं का गं?"

अक्कांच्या तिन्ही बाळंतपणांत ते सरहद्दीवर होते. असं त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. अक्का आख्ख्या आळीदेखत पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

"आवं, लय दुखलं," म्हणाल्या.